घाडीकाकांचं बेचाळिसावं कलम

घाडीकाका घराबाहेर पडतात ते चार वेळा पडतात, तेव्हा कुठे एकदा पडतात. पहिल्यांदा गॅस बघायला परत येतात, दुसऱ्यांदा गीझर. तिसऱ्यांदा का आलो हे त्यांना स्वतःलाही वर पोचल्याशिवाय कळत नाही. वसईकडच्या आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. काका तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्यामुळे रोज सकाळी साडेसातला माझ्या दारावरून त्यांच्या चपला चार वेळा खाली आणि तीन वेळा वर जातात. कोणी हटकलं तर जिन्यातच थांबून सांगतात, "बघून घेतलेला बरा."

असा हा माणूस गेल्या वर्षी पाठीला इंजिन बांधून आकाशात उडायला शिकू लागला. आणि मी, दुर्दैवाने, या सोसायटीची सेक्रेटरी आहे.

काकांचा धंदाच तपासण्याचा. वालीवला नळाच्या तोट्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे ते तीस वर्षं क्वालिटीला आहेत. प्रत्येक तोटीत पाणी सोडायचं, कान लावायचा, गळत नसेल तर शिक्का मारायचा. माणूस कुडाळकडचा, मालवणी बोलणारा, किडकिडीत पण काटक, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. मी सातारची. मला त्यांचं बोलणं कळतं, पण उत्तर देताना माझी जीभ वळत नाही.

पूर्वी हे वर-खाली करणं नव्हतं, कारण तेव्हा काकी होत्या. काका एकदाच उतरायचे, गेटपाशी उभे राहायचे आणि मान वर करून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारायचे, "गॅस बंद केलंस मां?" वरून गॅलरीतून काकी म्हणायच्या, "केलंय. जावा तुमी." मग काका जायचे. यात पावसाळ्यात खंड नाही की काकी रुसलेल्या असताना नाही. आमच्या घरात त्यावर शाळेचा डबा भरला जायचा, घड्याळ कोण बघतंय?

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी काकी "केलंय. जावा तुमी" म्हणाल्या, काका गेले, आणि थोड्या वेळाने जिन्यात वास आला. मी धावत वर गेले. दार नुसतं लोटलेलं. शेगडीची खुंटी पूर्ण उघडी, वर ज्योत नाही, आणि काकी हॉलमध्ये शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. मी खुंटी फिरवली, खिडक्या उघडल्या. काकी माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तू कोणाची गो?" सहा वर्षं मी त्यांच्या हातची सोलकढी पीत होते.

पुढचं फार सांगायला नको. डॉक्टरांनी विसरण्याच्या त्या आजाराचं नाव सांगितलं, मुलगी वैशाली काकींना नाशिकला घेऊन गेली, काका नोकरीसाठी इथे राहिले. त्यांच्या घराची एक किल्ली तेव्हापासून माझ्याकडे असते.

तर उडणं. काका एका रविवारी कळंबच्या किनाऱ्यावर हवा खायला गेले होते. तिथे एक माणूस पाठीला भलामोठा पंखा लावून उडाला. सगळे लोक तो उडाल्यावर बघायला लागले, काका मात्र त्याच्या आधीपासून बघत होते. दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "म्याडम, तो मनीस पाऊण तास नुसतो तपासत हुतो! एकेक दोरी, एकेक हूक. माका वाटला, ह्यो आपलो माणूस!" वर गेल्यावर तो काय करत होता याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

महिन्याभरात त्यांनी शिकवणारे ग्लॅडविन सर शोधून काढले. सर वसईचेच, चाळिशीचे, कामणच्या पुढे गोदामं संपतात तिथे एक गवताळ मैदान घेऊन शिकवतात. काकांनी आधी त्यांच्या परवानग्यांची फाइल मागितली, दोन रात्री घरी आणून वाचली आणि एका कागदावर शिक्का पुसट असल्याचं लेखी कळवलं. सर मला नंतर म्हणाले, "ताई, मी एवढ्या लोकांना शिकवलं, पण माझीच परीक्षा घेणारा स्टुडंट पहिल्यांदा आला."

पुढे साठवलेल्या पैशातून सामान आलं, आणि माझी झोप उडाली. सोसायटीत पेट्रोल ठेवता येत नाही हे मी कडक शब्दांत लिहिणार होते, तेवढ्यात काकांचाच अर्ज आला. तीन पानी. तिसऱ्या मजल्यावर राहणारे श्री. घाडीगावकर यांना इमारतीत पेट्रोल वा इंजिन आणण्यास सक्त मनाई करावी, अशी विनंती; खाली सही श्री. घाडीगावकर. मी मनाई केली. इंजिन वालीवच्या कारखान्यात गेलं, पेट्रोल रविवारी सकाळी ताजं घ्यायचं ठरलं, आणि घरी राहिला तो फक्त पंख. पंख म्हणजे कापडाचं ते लांबच लांब छत्र. त्याला ऊन चालत नाही, ओल चालत नाही, मुंग्या चालत नाहीत, डांबराच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. काकांनी त्याला बेडरूममधला पलंग दिला आणि स्वतः हॉलमध्ये सतरंजीवर झोपू लागले. इंजिनाच्या लाकडी पात्याला काकींच्या जुन्या गोधडीची खोळ शिवली. टाके स्वतःचे, आणि काय सांगू, बरे होते.

काका चार महिने जमिनीवरच शिकत होते. पंख वाऱ्यावर डोक्यावर उभा करायचा, सांभाळायचा, खाली घ्यायचा. सर म्हणायचे, यात काकांचा हात धरणारा कोणी नाही. आता राहिलं होतं ते पहिलं एकट्याचं उड्डाण. तेव्हाच नाशिकहून वैशालीचा फोन आला. "मावशी, बाबांकडे जरा बघाल का? ते उडणार म्हणतायत. मला तर धडकीच भरलीय." मला धडकी भरलेली नव्हती असं नाही. पण सेक्रेटरी म्हटलं की धडकीसकट जावं लागतं. रविवारी पहाटे वालीवहून इंजिन उचललं आणि मी त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये, गोधडीत गुंडाळलेलं पातं मांडीवर घेऊन बसले. लहान बाळाला घेऊन डोस पाजायला निघाल्यासारखी.

मैदानावर काकांनी वही काढली. सरांची तपासणीची यादी अठरा कलमांची, काकांनी ती वाढवून एकेचाळीस केली होती. बुटाची नाडी हे एक कलम नव्हतं. डावी आणि उजवी अशी दोन होती. मोठ्याने वाचायचं, हात लावून बघायचं, मग स्वतःच "हां" म्हणायचं. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. एकेचाळीसच्या खाली बेचाळीसचा आकडा घातलेला होता आणि त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

एकेचाळीस हां झाले. पंख मागे पसरलेला, पंचवीस किलोचं इंजिन पाठीवर, वारा समोरून. सर म्हणाले, "काका, चला." आणि काका चाललेच नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, उंच धरला, डोळे बारीक करून बघितलं, परत ठेवला. पुन्हा काढला. सरांनी विचारलं, "काका, कोणाचा फोन येणार आहे का?"

"नाय, नाय. वारो बघतंय."

साडेआठला वारा खरंच फिरला. आम्ही सगळं घडी करून परत आलो. पुढच्या रविवारी अगदी हेच झालं. मोबाईल वर, मोबाईल खाली, आणि काका गवतात खुंटासारखे उभे. सरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, आता पाऊस तोंडावर आलाय. पुढचा रविवार शेवटचा. नाही जमलं तर दिवाळीनंतर. आणि खरं सांगू, घाबरला असेल तर माणसाला वर पाठवणार नाही मी."

परतताना व्हॅनमध्ये मी चिडूनच विचारलं. पहाटे चारला उठून मी काय तुमचा मोबाईल बघायला येते का?

काकांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "ती माका वळखना नाय, म्याडम. वैशालीक पण नाय. पण गॅसचा इचारलंय की अजून सांगता."

मला नीट कळायला वेळ लागला. काका रोज सकाळी नाशिकला व्हिडिओ कॉल करत होते. मी कोण, कुठला, काही सांगत नव्हते. फक्त विचारायचे, "गॅस बंद केलंस मां?" आणि काकी, ज्यांना दुसरं कुठलंही वाक्य धड पुरं करता येत नव्हतं, त्या म्हणायच्या, "केलंय. जावा तुमी." त्या दोघांचं तेवढंच बोलणं शिल्लक राहिलं होतं. तेही आता रोज होत नव्हतं. कधी काकी नुसत्या बघायच्या. आणि मैदानावर, गोदामांच्या मागे, मोबाईलला रेंजच नव्हती.

"मग रस्त्यावरून करून या ना फोन! इथे रेंज आहे की," मी म्हणाले.

"थंयसून हंय येयसर धा मिन्टा जातत. धा मिन्टात काय पण होता. शेवटची तपासणी शेवटाकच पायजे." तीस वर्षं क्वालिटीला असलेल्या माणसाशी यावर काय वाद घालणार? थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "फुडल्या वर्सा ती ह्या तरी म्हणतली काय, कोणाक म्हायत."

मी आठवडाभर झोपले नाही. एकीकडे वाटायचं, नकोच उडू देत, घरी बसू देत. दुसरीकडे वाटायचं, हा माणूस दिवाळीपर्यंत तसाच गवतात उभा राहील. शेवटी मीच मार्ग काढला. मी सरांची एक वॉकीटॉकी घेऊन रस्त्याकडच्या बांधावर उभी राहणार, तिथे रेंज येते. मोबाईलवर नाशिक, वॉकीटॉकीवर काका. काकी बोलल्या की ते काकांना ऐकवायचं. काकांनी ही योजना ऐकली, तीनदा पुन्हा विचारून घेतली आणि माझ्या मोबाईलची बॅटरी तपासली.

शेवटच्या रविवारी मी बांधावर उभी होते. लांबून काका हाताएवढे दिसत होते, मागे पसरलेला पंख पिवळा. एकेक कलम वॉकीटॉकीतून ऐकू येत होतं. पस्तिसावं चालू असताना मी फोन लावला. पडद्यावर काकी आल्या. वैशालीने वेणी घालून, पावडर लावून बसवल्या होत्या. "एकेचाळीस, हां," काका म्हणाले. मग थोडी खरखर, आणि त्यांचा आवाज, "गॅस बंद केलंस मां?"

मी वॉकीटॉकी मोबाईलला चिकटवली. काकी बघत होत्या. वैशालीने त्यांच्या कानाशी सांगितलं, "आई, गॅसचं विचारतायत." काकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी माझ्या मोडक्या मालवणीत विचारलं. काकींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. वैशाली रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, आज नाही होत हो."

"ताई, वारा जाईल," सरांचा आवाज आला. "काय ते लवकर."

नाही म्हणून सांगितलं असतं तर तो माणूस निमूट पंख घडी करून घरी आला असता, सुखरूप. आणि हो म्हणून सांगितलं आणि वर काही झालं, तर ते माझ्या माथी. मी लांबवर बघितलं. काका मोबाईल न काढता, मान थोडी वर करून उभे होते, गेटपाशी उभे राहायचे तसे. मी बटण दाबलं.

"केलंय," मी म्हणाले. "जावा तुमी."

सातारच्या घशातून ते काय निघालं असेल देव जाणे. मग इंजिनाचा आवाज चढला, पिवळा पंख उभा राहिला आणि काका धावले. आठ-दहा पावलं धडपडत, मग पाय हवेतच हलत होते. गोदामांच्या पत्र्यांवरून ते वर गेले, आणि मी ओरडत होते, कोणाला ते मला आजही माहीत नाही. फोन चालूच होता. मी तो आकाशाकडे धरला. काकी बघत होत्या की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी वरच बघत होते. काका नऊ मिनिटं वर होते.

काका उतरले ते बुडावर. मी पळत गेले तेव्हा ते उठून इंजिन तपासत होते. पातं बघितलं, दोऱ्या बघितल्या, दोन्ही नाड्या बघितल्या. सर त्यांना मिठी मारायला थांबले होते, त्यांना चौदाव्या कलमापर्यंत थांबावं लागलं. मी मात्र वाट बघत होते त्यांनी मला विचारायची. त्यांनी विचारलं नाही.

परतताना मला राहवेना. खोटं बोलल्याचं ओझं मला झेपत नाही. "काका, मघाशी त्या रेडिओवर..."

"म्याडम," समोर रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "सगळाच बघूचा नसता."

कामणच्या नाक्यावर त्यांनी व्हॅन थांबवली. आचोळ्याचा रस्ता एकीकडे, भिवंडीवरून नाशिकला जाणारा दुसरीकडे. "तुमका हयसून रिक्षा गावतली," ते म्हणाले. मागे पंख दवाने ओला होता, अंगावर गवत होतं, हेल्मेट डोक्यावरच होतं. मी उतरले, आणि व्हॅन नाशिकच्या रस्त्याला लागली. घरी एकदाही परत न जाता.

मी रिक्षाने आचोळ्याला आले, माझ्या घरात न शिरता तडक तिसऱ्या मजल्यावर गेले, माझ्याकडच्या किल्लीने काकांचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. गॅस बंद होता. कुलूप लावलं, एक जिना उतरले, आणि पुन्हा वर गेले.