शून्य-शून्य आणि बाईंची दाढ

डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात माणसं कण्हत यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि आतून ड्रिलचा आवाज आला की एकदम बरी व्हायची. कुणाला गॅस चालू राहिल्याचं आठवायचं, कुणाला घरी आलेले पाहुणे. काउंटरवर डॉक्टरांची थोरली बहीण बसे. तिला सगळे आत्याच म्हणत.

"आत खुर्ची मोकळी, बाहेर बाक मोकळा," आत्या म्हणाली. "भरलेली अशी माझी एकटीचीच जागा."

डॉक्टर हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. लांबच्या शहरातल्या इस्पितळानं त्यांना नोकरी देऊ केली होती. ती धरली तर ते महिन्यातून एकदाच घरी येणार होते, आणि हे त्यांच्या लेकीला, म्हणजे तुडतुडीला, अजिबात मंजूर नव्हतं.

"बाबा, ड्रिल ऐकूच येऊ नये असं काहीतरी लावू या."

"काय लावायचं?"

"फुटबॉल."

गाण्यांवरून बाकावर भांडणं झाली असती. फुटबॉलमधलं तिथे कुणालाच धड काही कळत नव्हतं, त्यामुळे ती भीती नव्हती. तुडतुडीनं मोबाइलवर आठवड्याच्या सामन्यांचे आढावे शोधायला घेतले. एकात एक जण नापास मुलांची नावं वाचावीत तसे निकाल वाचत होता. दुसऱ्यात दोघं एकाच वेळी ओरडत होते, ते ऐकून आत्याचीच दाढ ठणकायला लागली. मग सापडले एक आजोबा. आवाज थेट शोकसभेतला.

"गोलरक्षक चेंडूकडे धावला," आजोबा सांगत होते. "चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. दोघांची पुन्हा भेट जाळ्यात झाली. त्या वेळी कुणीच काही बोललं नाही."

सोमवारी आत्यानं काउंटरवर आजोबांचा आढावा लावला. बाक भरला आणि भरलेलाच राहिला. कोपऱ्यावरचे शिंपीकाका आत खुर्चीत टेकले, डॉक्टरांनी ड्रिल आणि आरसा तोंडात घातला, आणि नेमका तेव्हाच तो चेंडू पायांमधून निघून गेला. शिंपीकाका हसले. हसताना त्यांचं तोंड मिटलं. आत डॉक्टरांचं बोट होतं.

"माफ करा हं डॉक्टर," शिंपीकाका डोळे पुसत म्हणाले. "पण त्या दोघांची ती भेट..."

"ताई, बंद कर ते," डॉक्टर बोट धरून म्हणाले.

आत्यानं बंद केलं. त्या शांततेत ड्रिल इतकं स्वच्छ ऐकू आलं की अख्खा बाक रिकामा झाला. एक जण तर दुसऱ्याच्याच चपला घालून गेला.

संध्याकाळी बोटाला पट्टी बांधून डॉक्टर तो आढावा पुन्हा ऐकत बसले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग म्हणाले, "गोल झाला की माणूस हसतो. शून्य-शून्य सामन्यात हे गृहस्थ नुसती वाऱ्याची दिशा सांगतात. तेव्हा तोंड उघडंच राहतं."

"मग सगळे शून्य-शून्यच लावू."

तेही करून पाहिलं. बाहेरचे लोक कंटाळले आणि पुन्हा ड्रिल ऐकू लागले. तेव्हा वेगळीच व्यवस्था ठरली. गोल पडत असतील तोवर डॉक्टरांनी सिमेंट कालवायचं, एक्स-रे बघायचा. वारा सुरू झाला की ड्रिल. शाळेत जाण्याआधी तुडतुडी आढावा ऐकून सांगून ठेवायची, "बाबा, मधला शून्य-शून्य आहे. चांगला लांबलाय. एक दाढ सहज होईल." पेशंटही तयार झाले. वाऱ्याची दिशा ऐकू आली की आपणहून आ करू लागले.

उरल्या तुडतुडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. अख्खी शाळा त्यांना घाबरे आणि त्या या खुर्चीला. किती वेळा बाकावरून परत गेल्या होत्या, ते आत्यालाच ठाऊक. आता त्यांनी दुखऱ्या दाढेसाठी सोमवारची वेळ घेतली, पण शून्य-शून्य असेल तरच, या अटीवर.

"त्या बसल्या तर कुणीही बसेल," डॉक्टर म्हणाले. "बसल्या तर इस्पितळाला नाही म्हणून कळवतो. नाही बसल्या तर जातो."

आणि त्याच आठवड्यात जिकडेतिकडे गोलच गोल. रविवारी संध्याकाळी एकच सामना उरला. आयुष्यात फुटबॉल न पाहिलेले डॉक्टर टीव्हीसमोर ताठ बसले. "मारू नकोस रे बाबा," ते कुणाही खेळाडूला सांगत होते. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"गेली. दाढ गेली."

तुडतुडीनं टीव्ही बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. आत्यानं घेतला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवला.

"बाई आहेत. विचारतायत, गोल झाला ना, मग उद्या यायला नको ना? मागे टाळ्या वाजवतंय कुणीतरी."

"नको म्हणावं," डॉक्टर म्हणाले.

"आणि म्हणतायत, पुढचे सगळे सोमवार माझ्या नावावर ठेवा. कधीतरी होईलच शून्य-शून्य. तेव्हा बसते म्हणजे बसते."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला. सकाळी त्यांनी स्वतः इस्पितळाला फोन लावला.

"मला येता येणार नाही," ते नेहमीच्याच गंभीरपणे म्हणाले. पलीकडून कारण विचारलं असावं. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला.

"हंगाम अजून बराच बाकी आहे."