आडनावाच्या गावची पायरी

या, थोडं जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट एका दमलेल्या माणसाची आहे आणि सांगणाराही काही फार ताजातवाना नाही, तेव्हा घसा ताणून सांगणं व्हायचं नाही. देवाने माणसाला पाय दिले ते चालायला. आडनाव मात्र माणसाने स्वतःच लावून घेतलं, कुठून चालत आलो ते विसरू नये म्हणून. पुढे तो नेमकं तेच विसरला आणि आडनाव तेवढं राहिलं, बैल विकून दावं जपून ठेवावं तसं.

आमचे हे गृहस्थ मोजणीखात्यात चौतीस वर्षं नकाशे काढत होते, म्हणून सगळे त्यांना नकाशेवाले म्हणतात. त्यांचं आडनाव गावावरून आलेलं, गावाच्या नावाला मागे शेपूट जोडून केलेलं. कोणतं ते मी सांगत नाही. त्या आडनावाची एकशे सतरा घरं आहेत आणि त्यांतली बरीचशी अजून रागावलेली आहेत.

घरात माणसं तीन. नकाशेवाले, त्यांची बायको आणि नकाशेवाल्यांचे वडील, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आप्पा. चौथी एक शिडी. आप्पांच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळकांडीत ती भिंतीला टेकून उभी असते. सहा दांडे लाकडी आणि खालून तिसरा लोखंडी, तोही शिडीच्या बाजूने बाहेर डोकावणारा. नकाशेवाल्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची आणि त्या शिडीची रोज सकाळी भेट होते.

"एकतर ही शिडी टाका, नाहीतर मला माहेरी टाका," असं बायको वर्षातून दोनदा तरी म्हणते.

"ती टाकायची नाही," आतून आप्पा म्हणतात. "ती आपली नाही."

"आपली नाही तर कोणाची, आप्पा?"

"ते आठवत नाही. आपली नाही, एवढं पक्कं आठवतं."

आप्पा पाच वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी गाव सोडलं. त्या गावातलं आप्पांना एकच आठवतं, दारातली दगडी पायरी. तिला मधोमध वाटीसारखा खळगा होता. पाऊस पडला की त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या प्यायला यायच्या. पाणी आटलं की आप्पा बसायचे. "माझं बूड त्यात तंतोतंत बसायचं," असं ते सांगतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर राज्य गमावलेल्या राजाचे भाव असतात.

यंदा आप्पांना ताप आला. ताप गेला, पण एक प्रश्न मागे ठेवून गेला. संध्याकाळी दिवा लागला की आप्पा विचारायचे, "बाळ, आपली पायरी आहे का रे अजून?" बाळाचं वय बासष्ट. डॉक्टर जाताना म्हणाले होते, "वय झालंय. आता त्यांना जे हवं असेल ते द्या." आप्पांना जे हवं होतं ते औषधांच्या दुकानात मिळत नव्हतं.

तसं गावाचं नाव आडनावातच होतं. पण त्या नावाची गावं नकाशावर चार निघाली. चार दिशांना चार, भावाभावांनी अबोला धरल्यासारखी.

"पंधरा दिवसांत मूळ गाव शोधून देतो," नकाशेवाले बायकोला म्हणाले. "चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी शोधल्या. स्वतःची एक पायरी शोधता येणार नाही?"

"चष्मा डोक्यावर आहे," बायको म्हणाली. ते मघापासून तोच शोधत होते.

त्यांची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीतून त्या आडनावाची सगळी घरं काढायची, प्रत्येकाला पत्र लिहायचं, आणि नकाशावर एकेका घराला एकेक टाचणी. चारांपैकी ज्या गावाभोवती टाचण्या दाट, तेच मूळ गाव. झाडाची फळं झाडाखालीच जास्त पडतात, हा त्यांचा सिद्धांत.

पहिली चूक पत्रात झाली. चौतीस वर्षं ज्या हाताने फक्त नोटिसा लिहिल्या, तो हात पत्र कसं लिहिणार? त्याने लिहिलं, "आपल्या कुटुंबाचे मूळ ठिकाण निश्चित करणे आहे. तरी घराबाबतचा पुरावा सादर करावा. कसूर झाल्यास मागाहून कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही." खाली सही. सहीखाली, सवयीने, दोन रेघा.

पुढच्या रविवारी सकाळी बायकोने दार उघडलं तर जिन्यावर रांग. एकोणीस माणसं, प्रत्येकाच्या काखेत घराचे कागद.

"माझं घर कोण मोजणार आहे ते आधी पुढे येऊ दे," रांगेतले पहिले गृहस्थ म्हणाले. हे एका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आपण बँकवाले म्हणू.

"मोजायचं नाहीये हो," नकाशेवाले म्हणाले. "मला फक्त आपण सगळे कुठून आलो ते..."

"मी पहाटेच्या गाडीने आले," मागून एक दातांची डॉक्टरीण म्हणाली. "एक दाढ अर्धवट सोडून आले. त्या माणसाचं तोंड अजून उघडं असेल."

समजूत घालता घालता दुपार झाली. बायकोने चहाची चार आधणं ठेवली आणि पाचव्याला पातेलं आपटलं. पण गंमत बघा, आपलं घर जाणार नाही हे कळल्यावर माणसाला वाटायला लागतं, एखादं मिळणार असेल. मूळ गाव आहे म्हणजे मूळ घर असेल, घरामागे परसू असेल. बँकवाल्यांना तर आपलं घराणं गढीचं मालक होतं असं आतून वाटायला लागलं. "आमच्याकडे सगळ्यांची नाकं बघा," ते म्हणाले. "ही नाकं हुकूम सोडणाऱ्यांची आहेत."

"सर्दीची आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टाचण्या लागल्या. पूर्वेकडच्या गावाभोवती एकतीस, उत्तरेकडच्याभोवती अठरा, दक्षिणेला अकरा, बाकीच्या लांबच्या शहरांत विखुरलेल्या. पश्चिमेकडच्या चौथ्या गावाच्या आसपास पंचवीस कोसांत त्या आडनावाचं चिटपाखरू नव्हतं, म्हणून नकाशेवाल्यांनी त्याच्यावर फुली मारली. एक गोष्ट तेवढी खटकायला हवी होती. टाचण्या गावांच्या भोवती होत्या, पण चारही गावांत मात्र एकसुद्धा नव्हती. त्यांनी मनाशी म्हटलं, खेड्यात टेलिफोन कुठे असतात.

शोधाच्या पहिल्या रविवारी पूर्वेकडच्या गावी बस गेली. त्रेचाळीस माणसं, तेवढेच डबे, आणि पुढच्या बाकावर मांडीवर नकाशा घेऊन नकाशेवाले. वेशीपाशीच एक मोठं पडकं आवार दिसलं. बँकवाले बस थांबायच्या आत उतरले.

"हीच," ते म्हणाले. "दगड बघा. दरारा बघा."

"मग अर्धी माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आडनाव एकच आहे."

पाहता पाहता त्रेचाळीस माणसांनी त्या आवाराचे सत्तावन्न वाटे केले. आवाज ऐकून समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

"काय भांडण आहे?" त्याने विचारलं.

"आमची गढी," बँकवाले म्हणाले.

"तो गुरांचा दवाखाना होता. मागच्या बाजूला बैलाला उभं करायचा सांगाडा अजून आहे. हवा तर तोही न्या."

नकाशेवाल्यांनी हळूच विचारलं, "या आडनावाची घरं गावात कुठे आहेत?"

शिंपी त्यांच्याकडे बघत राहिला. "साहेब, गावात राहून गावाचं नाव कोण लावेल? घरात बसून स्वतःचा पत्ता कपाळाला चिकटवतो का कोणी? जो बाहेर जातो त्याला लोक विचारतात, कुठचा रे तू. तो गाव सांगतो, तेच त्याला चिकटतं. तुमच्या आडनावाचा माणूस जगात सगळीकडे मिळेल. इथे नाही मिळायचा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत जे ध्यानात आलं नाही ते शिंप्याने दारात उभ्या उभ्या सांगितलं. शिवाय दुसरी गोष्ट अशी की एका गावातून निघालेला कोणीही तेच नाव लावणार. म्हणजे बसमधली त्रेचाळीस माणसं एकमेकांची कोणीच नव्हती. परतीच्या वाटेवर हे सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि सकाळी वाटलेले डबे ज्याने त्याने मागून घेतले.

त्या संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "सापडली का रे?"

"पुढच्या रविवारी," नकाशेवाले म्हणाले.

दुसऱ्या रविवारी नऊ जण आले. उत्तरेकडच्या गावातल्या सगळ्या पायऱ्या सिमेंटच्या निघाल्या. तिसऱ्या रविवारी दक्षिणेला फक्त बँकवाले, तेही स्वतःच्या गाडीतून. त्या गावात त्यांच्या नाकाला कोणीच भीक घातली नाही, म्हणून ते रुसले आणि येताना नकाशेवाल्यांना नाक्यावर उतरवून निघून गेले. नकाशेवाले सहा मैल चालत घरी आले. बोळकांडीत शिडीने अंगठ्याचं स्वागत केलं.

"सापडली का रे?" आतून आवाज आला. या वेळी तो फार बारीक होता. ते अंधाऱ्या बोळकांडीत अंगठा धरून उभे राहिले.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नेहमीचा टोमणा मारला नाही. हीच मोठी काळजीची गोष्ट होती. "ते फुली मारलेलं राहिलंय ना?" ती म्हणाली. "तिथे जाऊन या. डबा देते."

चौथ्या रविवारी नकाशेवाले एकटेच निघाले. दोन बस बदलल्या, मग तासभर पायी. गाव कसलं, वीस-बावीस घरं आणि बाकी नुसती जोती. इथून जो गेला तो इतका लांब गेला की जवळपास टाचणी उरली नाही. एका घराच्या दारात एक म्हातारी ऊन खात बसली होती. हात सुकलेल्या शेंगेसारखे, नजर मात्र सुईत दोरा ओवणारी.

नकाशेवाले समोरच्या दगडावर बसले, खरं तर कोसळले. "आजी, आमचं आडनाव या गावाचं आहे."

"गावाचं नाव नेणारे पुष्कळ," आजी म्हणाल्या. "कोणाचे तुम्ही?"

"मोजणीखात्यात होतो."

"धंदा नाही विचारला. कोणाचे?"

हे त्यांना माहीत नव्हतं. गाव सोडण्याआधी आपल्या माणसांना गावात काय म्हणत, हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपल्याजवळ होतं तेवढं सांगितलं. "आमच्या दारात एक दगडी पायरी होती. मधोमध वाटीसारखा खळगा. माझे वडील लहानपणी त्यात बसायचे."

आजींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरी एक शिडी आहे का? सहा दांडे लाकडी, आणि खालून तिसरा लोखंडी?"

नकाशेवाल्यांच्या आधी त्यांच्या अंगठ्याला उत्तर ठाऊक होतं. तो बुटात ठणकला.

"आहे," ते म्हणाले.

"आमची आहे ती," आजी म्हणाल्या. "तुमच्या आजोबांनी गाडीवर सामान चढवायला माझ्या आईकडून मागून नेली. सामान चढलं, त्यावर शिडी चढली, गाडी गेली. आमची मांजर तेव्हा छपरावर होती. चार दिवस वरच बसून रडत होती."

"मग?"

"मग आई चिडली. म्हणाली, शिडी येईपर्यंत त्यांची पायरी आपल्या दारात. चौघींनी मिळून ओढत आणली. तेव्हापासून शिडीवाल्यांची पायरी म्हणतात हिला." एवढं बोलून आजी भिंतीला धरून उठल्या आणि बाजूला झाल्या.

खाली खळगा होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. नकाशेवाल्यांनी त्यात तळहात ठेवला. दगड उबदार होता. मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमचं आडनाव काय?"

"मला कुठलं आडनाव?" आजी परत पायरीवर बसत म्हणाल्या. "मी कुठे गेलेच नाही. सगळे गावाचं नाव घेऊन गेले, कोणी शिडी घेऊन गेले. मी आपली पायरीवर बसले, कोणी परत आलं तर सांगायला माणूस नको का?"

संध्याकाळी दिवा लागला तेव्हा नकाशेवाले आप्पांच्या पलंगावर, पायाशी बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. पायरी आहे, खळगा आहे, दगड अजून उबदार आहे. आप्पांनी डोळे मिटले, आणि मग एकदम उघडले.

"शेजारच्या काकूंची शिडी ती," ते म्हणाले. "बाबा म्हणाले होते, सामान उतरलं की पुढच्या आठवड्यात नेऊन देऊ." हिशेबाला त्यांना थोडा वेळ लागला. "त्र्याऐंशी वर्षं झाली की रे. काकू काय म्हणत असतील?"

"काकू गेल्या, आप्पा. त्यांची मुलगी आहे."

"मग मुलगी काय म्हणत असेल?" कित्येक आठवड्यांनी आप्पा उशीवरून अर्धे उठून बसले होते. "कधी नेतोस?"

नकाशेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तीन रविवारचं चालणं त्यांच्या पोटऱ्यांत होतं, चौथ्याचं कमरेत. बायको डबा घासत होती. मागे न वळता ती म्हणाली, "न्या आणि या. बोळकांडीत मला कपाट ठेवता येईल."

तेव्हा मंडळी, पुढच्या रविवारी एखादा थकलेला माणूस खांद्यावर शिडी घेऊन बसमध्ये चढताना दिसला आणि कंडक्टर त्याच्याशी वाद घालत असला, तर थोडं सरकून त्याला बसायला द्या. त्याच्या डाव्या अंगठ्याला धक्का लागू देऊ नका. आणि आज निजण्यापूर्वी देवापुढे हात जोडाल तेव्हा तुमच्या आडनावाच्या गावी जी कोणी मागे राहिली असेल, जिला गावाचं नावसुद्धा मिळालं नाही, तिची एकदा आठवण काढा. जमलं तर उठून आपल्या दारामागेही बघा. तुमच्याकडे तिचं काय उभं आहे, कोण जाणे.