हिमालयाची फेरनिविदा

त्र्यंबकअण्णा रोज सकाळी पाठीवर दहा किलो सोना मसुरी तांदूळ घेऊन अकरा मजले चढतात आणि तोच तांदूळ घेऊन खाली उतरतात. आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. दोन्ही चालू आहेत. बेंगळुरूच्या हेब्बाळात नव्याने राहायला आलेल्यांना पहिला आठवडाभर वाटते, हे गृहस्थ वाणसामान पोचवतात. चौथ्या मजल्यावरच्या पुण्याच्या मुलीने एकदा त्यांना जिन्यात थांबवून विचारले, "काका, ही माझी ऑर्डर आहे का?"

"नाही. हिमालयाची आहे," अण्णा म्हणाले आणि पुढे चढले.

अण्णांना बहात्तरावे चालू आहे. घराणे तीन पिढ्यांपासून बेंगळुरूचे. त्यामुळे कोणत्याही वादात मध्येच 'सरी', म्हणजे कानडीत 'ठीक', म्हणतात आणि वाद संपला असे समजतात. एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली. मी त्याच कारखान्यात प्रशासनात होतो. ते नियम वापरत, मी नियम लिहीत असे. मैत्रीला एवढे पुरते.

मरण्यापूर्वी हिमालयात एक मोठी पदयात्रा करायची, हा त्यांचा निश्चय. मुलगा कॅनडातून फोनवर ओरडतो, "बाबा, तुमचं वय काय?"

"हिमालयाचं विचार. त्याला कुणी घरी बस म्हणत नाही."

अडचण वयाची नव्हती. अडचण प्रदेश निवडण्याची होती. पुण्याच्या त्याच मुलीने सुचवले, "अण्णा, ऑनलाइन बुक करा ना. पाच मिनिटांत होतं."

"पाच मिनिटांत डोसा होतो."

प्रदेश ठरवण्यासाठी अण्णांनी रीतसर समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य मी, सदस्य-सचिव त्यांच्या पत्नी इंदूअक्का. दर फेब्रुवारीत जेवणाच्या टेबलावर तुलनात्मक तक्ता पसरायचा आणि पाच प्रदेशांची छाननी व्हायची. लडाख बाद : तिथे उतरल्यावर दोन दिवस नुसते पडून राहायला सांगतात, आणि पडून राहायला हेब्बाळ पुरेसे आहे. स्पिती बाद : रस्त्याचे काम पाहता ठेकेदाराची चौकशी व्हायला हवी. सिक्कीम बाद : परवान्याचा अर्ज तीन प्रतींत घेतात, पण पोच देत नाहीत. नेपाळ बाद : आयातीचे नियम वेगळे.

उरायचे कुमाऊँ. चढ हळूहळू वाढणारा, वाटेत गावे, पाणी भरपूर. त्यात खोट निघत नसे. मग अण्णा चष्मा काढून जाहीर करायचे, "एकच निविदा पात्र ठरली. म्हणजे स्पर्धा झाली नाही. फेरनिविदा काढावी लागेल. सरी."

आणि तक्ता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कपाटात जायचा. असे पाच वर्षे झाले. पाचही वर्षे मी सही केली.

या वर्षी पदयात्रेला नेणाऱ्या संस्थेचे पत्र आले. बहात्तर पूर्ण झालेल्यांना यापुढे नेणार नाहीत. अण्णांची बहात्तर वर्षे श्रावणात पुरी होतात. मे महिन्यातली तुकडी शेवटची.

समिती बसली. लडाख गेले, स्पिती गेले, सिक्कीम गेले, नेपाळ गेले. अण्णांनी चष्मा काढला.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"काशीनाथराव, नियम आहे."

"नियमाला पोटनियम आहे. तो मी लिहिला आहे. काम तातडीचे असेल, तर कारण नोंदवून एकमेव निविदा स्वीकारता येते."

"यात तातडी कसली?"

"अध्यक्षांचं वय," इंदूअक्का म्हणाल्या. "लिहून घ्या."

अण्णा तक्त्याची घडी घालू लागले. मला राग आला. पाच वर्षे या माणसाचा तांदूळ जिन्यात वर-खाली होताना मी पाहिला होता.

"सरळ सांगा ना, घाबरलात."

अण्णांनी तक्त्याची आणखी एक घडी घातली. इंदूअक्का बोलल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात उचलत नाही. बोलणे मात्र पूर्वीइतकेच धारदार आहे.

"घाबरलेत, पण डोंगराला नाही. माझी वेणी घालतात रोज. बारा दिवस ती कोण घालणार, ही यांची फेरनिविदा."

"विषय प्रवासाचा चालू आहे," अण्णा खिडकीकडे पाहत म्हणाले.

"बेळगावहून आमची धाकटी शैला येणार आहे. मी तिला कधीच कळवलंय."

"तिला जमणार नाही. घाईची आहे ती."

"तिला दोन मुली आहेत अहो! शाळेत काय केस मोकळे सोडून पाठवल्या? मतदान घ्या."

दोन विरुद्ध एक. कुमाऊँ मंजूर झाले. अध्यक्षांनी आपला विरोध नोंदवला आणि सही केली.

मे महिन्यात, निघायच्या सकाळी, मी सामान उचलायला गेलो. शैलाताईंनी बहिणीची वेणी घालून ठेवली होती. मला ती बरी दिसली. अण्णा डोंगरी बूट घालून, पाठीवर पिशवी बांधून आले, खुर्चीमागे उभे राहिले आणि त्यांनी ती वेणी सोडली.

"भावोजी!" शैलाताई म्हणाल्या.

"अहो, टॅक्सी उभी आहे," इंदूअक्का म्हणाल्या.

"उभी राहू दे."

फोन वाजला. मी तो त्यांच्या कानाशी धरला. चालक लवकर या म्हणून ओरडत होता, "सर, बेग बन्नी!"

"स्वल्प इरी," अण्णांनी त्याला जरा थांबायला सांगितले आणि कंगवा फिरवत राहिले.

त्यांनी तीन पेड सारखे करून घेतले. घट्ट नाही, सैल नाही. विंचरताना डाव्या हाताने केस मुळाशी धरले होते, ओढ बसू नये म्हणून. पिशवी खांद्यावरून घसरत होती. ती त्यांनी घसरू दिली. शेवटी रबर लावले, काढले, पुन्हा लावले. वेणी पुढे खांद्यावर आणून ठेवली.

"बारा दिवस ही मी कुणाला सोडू देणार नाही," इंदूअक्का म्हणाल्या.

"खाज सुटेल."

"सुटू दे. तुम्ही निघा."

ते निघाले. मागे वळून पाहिले नाही. लिफ्टही घेतली नाही. बुटांचा आवाज जिन्यात खालपर्यंत ऐकू येत होता.

तो थांबल्यावर शैलाताई म्हणाल्या, "ताई, भांग वाकडा झालाय गं. थांब, नीट करते." आणि कंगवा घेऊन पुढे आल्या.

इंदूअक्कांनी डावा हात उचलला आणि वेणी मुठीत धरली.