पंच्याऐंशी टक्के चेहरा

सोमवारी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. चौकशी खिडकीवरच्या बाईंनी आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा जागा झाला होता आणि अर्धा रजेवर गेला होता. डावा डोळा मिटता मिटेना.

नवऱ्याने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भुवया उचलायला, गाल फुगवायला लावले, हातापायांची ताकद पाहिली. "मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या आजच सुरू करा, झोपताना डोळ्याला पट्टी लावा."

"पहिल्यासारखा होईल ना चेहरा?" बाईंचा 'प' फुसकन निसटला.

"बहुतेकांचा होतो. तीनेक आठवड्यांत हालचाल दिसली, तर चांगली खूण. कोणाला चार-सहा महिने लागतात. एखाद्याचं थोडं वाकडेपण राहतंही."

"पण तारीख?"

"ती नसेलाच ठाऊक."

रजेच्या अर्जात मात्र सातवा रकाना होता : 'पूर्ववत होण्याचा निश्चित दिनांक.' डॉक्टरांनी वैतागून लिहून दिलं, 'पूर्ण बरे होण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के.'

साहेबांनी चष्मा पुसून कागद वाचला. "उरलेल्या पंधरा टक्क्यांची जबाबदारी कोणाची?"

"माझीच, साहेब. चेहरा माझाच आहे."

"असं तोंडी चालत नाही. शिवाय पूर्ववत म्हणजे कशासारखं? मूळ हसू नोंदीत हवं."

समिती बसली. सेवापुस्तक, ओळखपत्र, अठरा वर्षांचे समूहफोटो असं सारं धुंडाळलं, पण बाई कुठेच हसलेल्या सापडेनात. नवऱ्याने लेखी साक्ष दिली : 'लग्नात हसली होती, असे स्मरते.' घटना नोकरीपूर्वीची, म्हणून ती बाद झाली. समितीने निष्कर्ष काढला : आजारापूर्वी हसू आढळत नाही, आजारातही आढळत नाही, सबब कर्मचारी पूर्ववत आहे. रजा नामंजूर.

बाई निमूट खिडकीत बसल्या. बोलताना त्यांची उजवी बाजू तेवढी वर ओढली जाई. रांगेतल्या लोकांना वाटलं, बाई आपल्याकडे बघून हसतायत. आभाराची पत्रं येऊ लागली. कार्यालयाने बाईंना सौजन्याचं प्रशस्तिपत्र दिलं.

घरी मात्र त्या रोज आरशासमोर बसून डावी भुवई उचलायला बघत. विसाव्या दिवशी ती किंचित थरथरली.

"अहो, हलली!"

नवरा गॅसवरचं दूध तसंच सोडून धावला. "परत कर!"

परत हलली. दूध उतू गेलं. दोघं तिथेच रडत बसले.

चार महिन्यांत चेहरा सरळ झाला. बाई पुन्हा गंभीरपणे काम करू लागल्या आणि आठवड्याभरात सामूहिक तक्रार आली : 'बाई हल्ली हसत नाहीत.'

साहेबांनी त्यांना बोलावलं. "कार्यालयाची प्रतिमा खालावतेय."

"आता खरंच हसता येतं, साहेब," म्हणत बाई अगदी मनापासून हसल्या.

साहेब चपापले. "दोन्हीकडून? लोकांना उजवीकडची सवय झालीय."

त्यांनी डॉक्टरांना पत्र धाडलं : 'चेहरा पुन्हा तसा होण्याची शक्यता किती टक्के?' उत्तर आलं, 'फारच कमी. अभिनंदन!' साहेबांनी समासात शेरा मारला : 'खेदजनक.'

बाईंनी तक्रार सावकाश वाचली. खाली दोनशे बारा सह्या होत्या. त्या चार महिन्यांत, "बाई, डोळ्याला काय झालं?" असं खिडकीशी थांबून विचारणारा त्यांत एकही नव्हता. तुमची सही, बहुतेक, दुसऱ्या पानावर होती.