सेकंदाला वीस फोटो

वस्तू पारखावी तर मी. माठ मी टिचकी मारून घेते, टरबूज कानाला लावून घेते, आणि नवरा तर दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा पास केला होता. त्यामुळे सेकंडहँड कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर घरात सगळे एकमुखाने म्हणाले, की हे काम आम्रपालीचंच. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

मी लग्नाबारशाचे फोटो काढते. माझा जुना कॅमेरा शांत माणसांसाठी उत्तम. नवरानवरी स्टेजवर तासन्‌तास हलत नाहीत, पाहुणे जेवल्यावर हलू शकत नाहीत. पण गेल्या वर्षी आमच्या उमापूरच्या मंडळाने मला कबड्डीचे फोटो काढायला बोलावलं आणि कॅमेऱ्याची अब्रू गेली. आमच्या गावचा चढाईपटू सटवा म्हणजे उंदराच्या मागे लागलेलं मांजर. प्रत्येक फोटोत नुसता धुरळा आणि धुरळ्यात एक चड्डी. सटवाचा स्पष्ट फोटो एकच आला. त्यात तो पाणी पीत होता.

मंडळाचे अध्यक्ष अमरसिंह फोटो बघून म्हणाले, "वहिनी, आमचा गडी काय पाणी प्यायलाच उतरलता का मैदानात?"

यंदा त्यांनी स्पष्टच सांगितलं. "फायनलचे फोटो झकास आले तर तालुक्यातल्या समद्या स्पर्धा तुमच्याकडं. न्हाई तर आमी बाहेरचा माणूस बघतो."

नेमकी तेव्हाच माझी भिशी लागली. मी ती पदरात बांधली आणि बीडला गुफरानभाईंचं दुकान गाठलं.

"भाभी, लेन्स हाय ती राहू द्या, लेन्स चांगली हाय," गुफरानभाई म्हणाले. "बदलायची ती बॉडी. तुमच्या बजेटात दोन बसतेत."

त्यांनी दोन्ही कॅमेरे समोर मांडले. मी पाय पसरून बसले, जणू स्थळंच बघायला आलेय. पहिला धिप्पाड, रुबाबदार, एकही ओरखडा नाही. पण पळत्या माणसावर नजर ठरेना. दुसरा अंगाने किरकोळ, कोपरे झिजलेले. मात्र सेकंदाला वीस फोटो काढायचा, आणि एकदा माणसाचा डोळा पकडला की तो माणूस कुठेही जावो, फोकस सोडायचा नाही. थेट आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू भामाबाई. हळदीकुंकवाच्या गर्दीत मी किती लाडू खाल्ले ते त्यांना घराच्या माळवदावरून दिसतं.

"हा द्या," मी म्हटलं.

"सोमवारपर्यंत वापरून बघा. पटला तर ठेवा, न्हाई पटला तर परत आणा. फक्त पाडू नका, भाभी. लेकरू घरात हाय म्हणून बोललो."

घरी आल्यावर चाचणी घ्यायची तर पळणारं कुणीतरी पाहिजे. नवऱ्याला म्हटलं, "प्रवीण, अंगणात जरा पळ." प्रवीण दोन फेऱ्या पळाला आणि खाटेवर आडवा झाला. कोंबड्या पळाल्या, पण त्यांचे डोळे कॅमेऱ्याला पटेनात. राहिली आमची संस्कृती.

संस्कृती तेव्हा वर्षाची होत आली होती. रांगण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पण चालायचं नाव नाही. पांगुळगाडा आणला, तर ती त्याच्या खाली घुसून झोपली. आत्याबाईंनी बोलून ठेवलं होतं, "पोरीनं पयलं पाऊल टाकलं की गल्लीभर गूळखोबरं वाटीन." शेजारीण रोज विचारायची, "वाटताव का आज?"

तर दोन दिवस मी तिचे फोटो काढले. चुलीपाशी, बाजेखाली, माझ्या ओढणीत गुंडाळलेली, नाकाला पीठ लागलेली. काय सांगू, एकेक पापणी मोजून घ्यावी! मध्येच पडद्यावर अक्षरं उमटली: हा चेहरा कायम ओळखून ठेवायचा का?

कुठली आई नाही म्हणेल? मी 'हो' दाबलं. तिच्या गालाची पापी घेतली आणि विसरून गेले.

रविवारी फायनल. उमापूर विरुद्ध शिरूर. मी मैदानाच्या एका बाजूला मांडी ठोकून बसले. समोरच्या बाजूला आत्याबाई संस्कृतीला घेऊन बसल्या. "हितनं मला समदं दिसतं," त्या म्हणाल्या. शेजारी प्रवीण.

सामना बरोबरीत. शेवटची चढाई सटवाची. तो गेला, दोघांना शिवला आणि त्यांना चुकवत थेट माझ्या बाजूच्या रेषेवरून सुसाट परत आला. मी बोट दाबून धरलं, ते बराच वेळ सोडलंच नाही. कॅमेरा असा तडतडला, जशी तापल्या कढईत मोहरी.

मैदानात एकच गिल्ला झाला. चढाई करताना पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला की गडी बाद. शिरूरवाले म्हणाले, "परत येताना भाईर पडलता पाय!" आमचे म्हणाले, "आतच व्हता." दोन्हीकडचे बाह्या सरसावून समोरासमोर आले. पंचांचं लक्ष नेमकं त्या क्षणी चष्मा पुसण्यात होतं.

तेवढ्यात मी बोलून गेले. माझं तोंड मला नेहमी असंच गोत्यात आणतं.

"भांडू नका. माझ्याकडं सेकंदाला वीस फोटो हायेत."

सगळे माझ्याकडे वळले. अमरसिंहांनी गर्दीतून वाट काढून दिली, कुणीतरी मला खुर्ची दिली, कुणी चहा धरला. शिरूरचा कॅप्टन हात जोडून म्हणाला, "ताई, जे दिसंल ते मान्य." एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

मी पहिला फोटो उघडला. पुढे केळीच्या खुंटासारखं काहीतरी तपकिरी, धूसर. आणि त्यामागे, मैदानापलीकडे, लख्ख, पापणी न्‌ पापणी मोजून घ्यावी अशी, आमची संस्कृती.

"हे कोण?" शिरूरचा कॅप्टन.

"माझी लेक."

"आन्‌ सटवा?"

मी केळीच्या खुंटावर बोट ठेवलं.

"दुसरा बघा," अमरसिंह म्हणाले. दुसऱ्यात खुंट जरा उजवीकडे. लेक लख्ख. तिसऱ्यात तेच. तेव्हा मला उमगलं. त्या इमानदार कॅमेऱ्याला एकच चेहरा ओळखून ठेवायला सांगितला होता. त्याच्यासाठी सटवा, शिरूर आणि चषक, सगळे परके.

"वहिनी," अमरसिंह दबक्या आवाजात म्हणाले, "मंडळाची फायनल व्हती का तुमच्या घरचं बारसं?"

मी मान खाली घालून भराभर फोटो सरकवत राहिले. कुठे तरी रेषा दिसेल, पाय दिसेल. आणि मागून खुद्द सटवाच ओरडला, "थांबा थांबा, पाय दिसला!"

"कुणाचा?"

"बारकीचा."

मी फोटो परत सुरुवातीपासून सरकवले. आता सगळ्यांनाच दिसलं. आत्याबाई पंचांना शिव्या घालायला उभ्या राहिलेल्या, तोंड उघडं. प्रवीण दोन्ही हात वर करून नाचतोय. आणि दोघांच्या मधोमध, कुणाचंही लक्ष नसताना, संस्कृतीने आत्याबाईंचं लुगडं सोडलेलं. मग टाच उचललेली. मग पाय हवेत. मग पाऊल जमिनीवर. मग दुसरं. मग ती फतकल मारून बसलेली आणि स्वतःलाच टाळ्या वाजवतेय.

मला पुढचं दिसेना. पडदा खराब झाला वाटलं, पण डोळेच भरले होते.

आत्याबाई गर्दीत घुसल्या, फोटो बघितले आणि मटकन खाली बसल्या. "आगं माय. माझ्या लुगड्याला धरून व्हती की. आन्‌ मी त्या चष्मेवाल्याकडं बघत बसले."

"एवढ्या सावकाश पावलाला सेकंदाला वीस फोटो?" प्रवीण म्हणाला. "जुन्या कॅमेऱ्यात सुदिक आलं असतं की."

शिरूरचा कॅप्टन आधी हसला. मग सगळेच हसले. सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. पंचांनी चढाई पुन्हा घ्यायला लावली. सटवाला शिरूरवाल्यांनी पाच जणांत आवळलं आणि चषक शिरूरला गेला. आत्याबाईंनी मात्र दोन्ही संघांना गूळखोबरं वाटलं.

अमरसिंहांनी मला आणखी एक संधी दिली, पण अट घातली: लेक फोटोत दिसता कामा नये.

सोमवारी मी बीडला गेले. गुफरानभाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसू मिशीत दाबलं आणि कॅमेरा हातात घेतला. "खराबी न्हाई, भाभी. तुमीच सांगितलंय त्याला. ह्यो चेहरा पुसला की झालं." त्यांनी दोन बटणं दाबून कॅमेरा माझ्याकडे वळवला. पडद्यावर नाकाला पीठ लागलेली संस्कृती, आणि खाली प्रश्न: हा चेहरा पुसायचा का?

कुठली आई हो म्हणेल?

कॅमेरा ठेवला. चेहराही ठेवला. आता स्पर्धेला गेलं की आत्याबाई संस्कृतीला घेऊन माझ्या पाठीमागे बसतात. अट पाळायची म्हणजे पाळायची. अडचण एवढीच, की ती आता चालते. परवाच्या फायनलला चषक उंचावतानाचा फोटो मागितलाय अमरसिंहांनी. फोटो आहे माझ्याकडे. चषक जरासा धूसर आलाय, पण त्याखालून पळत जाणारीची पापणी न्‌ पापणी मोजून घ्यावी.