पंखा कोणाच्या नंबरवर?

आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमधल्या मोंडकर मावशी कोणाच्याही घरी गेल्या, की आधी पंख्याचा रेग्युलेटर बघतात. मग विचारतात, "नंबर कोणाचा?"

मावशींनी जन्मभर कारखान्यात मोजमापं तपासायची नोकरी केली. त्यामुळे मोजता येत नाही अशी गोष्ट जगात असते, हेच त्यांना मान्य नाही. "अंदाजपंचे बोलू नको गो!" हे त्यांचं पालुपद. स्वातंत्र्यसुद्धा त्या मोजतात. आपण लावलेला पंख्याचा नंबर घरातलं दुसरं माणूस बदलेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढं आपलं स्वातंत्र्य. झालं! पंधरा ऑगस्टला आमच्या चेअरमननी स्वातंत्र्यावर झकास भाषण ठोकलं. मावशींनी खालूनच विचारलं, "ते ठीक, पण घरात पंखा कोणाच्या नंबरवर?" चेअरमननी बायकोकडे बघितलं आणि घाईघाईने जिलबी वाटायला सांगितली.

माझंही मोजलं त्यांनी. स्टॉपवॉच घेऊन आमच्या हॉलमध्ये बसल्या. मी पाच लावला. सासरे खोकले, उठले आणि दोन करून परत बसले.

"एका खोकल्याएवढं," मावशींनी निकाल दिला. नवरा फिदीफिदी हसला.

"आणि तुमचं हो?" मी चिडून विचारलं.

"माझं मोजायचं कसं? सकाळी दोन लावला की रात्री दोनच."

जळले मी! मावशींचा नवरा गेलेला, मुलगी बोरीवलीला सासरी, म्हणजे अख्खा पंखा एकटीचा. बोलायला वाईट दिसतं, पण खरं सांगते, मला त्या विधवा बाईचा हेवा वाटायचा. भाजी चिरताना वाटायचा, कपडे वाळत घालताना वाटायचा. रात्री घामाने भिजून कूस बदलताना तर असा वाटायचा की विचारू नका.

मे महिन्यात एका दुपारी राहवलंच नाही. वाटी परत करायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले आणि न विचारता पंखा सरळ पाचावर नेला. म्हटलं, यांचंही मोजूया ना जरा!

मावशींनी रेग्युलेटरला हात न लावता चहा टाकला. गप्पा झाल्या, मी मस्त गार झाले. मग लक्षात आलं, मावशींनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतलाय आणि त्या गुडघे चोळतायत. वारा त्यांना सोसत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंखा कमी करायला उठले, तर केवढ्याने ओरडल्या, "हात लावू नको त्याला!"

"अहो मावशी, बाधेल तुम्हाला!"

"बाधू दे. हे होते तोवर दिवसभर मारामारी चालायची आमची. मी दोन करायची, हे पाच करायचे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "ते गेल्यापासून या घरात माझा नंबर कोणी बदललाच नव्हता गो. बस ना अजून थोडी."