पाचटाचा नकार

निवास पवारांच्या रानातल्या पाचटाने यंदा जळायला नकार दिला. ऊस तुटून कारखान्याला गेला, त्याचा वाळला पाला रानात उरला, तेव्हा रिवाजाप्रमाणे निवासने बांधावर उभं राहून काडी ओढली. पाचट उठलं, त्याने काडी फुंकून विझवली आणि ते रस्त्याला लागलं. एका एसटीला त्यापायी थोडं थांबावं लागलं.

पाचट सरळ निवासच्या घरामागे गेलं. तिथे निवासची बायको शालन वांगी लावायच्या खटपटीत होती. परसात सगळा मुरूम, मातीचं नाव नाही. रानात फक्त ऊस, त्यामुळे भाजी कायम बाजारातून यायची. एक गाडी पाचट घरी आणा, कुजवून पोत्यांत भरते, त्यात भाजी होईल, असं ती दर हंगामाला सांगायची. निवास ऐकून घ्यायचा आणि पेटवून यायचा. त्याचे वडीलही पेटवायचे.

शालनने आलेल्या पाचटाला बसायला सांगितलं. मग कोयता आणला आणि बारीक तुकडे केले तर चालेल का, असं विचारलं. पाचटाने हरकत घेतली नाही.

निवासने सरपंच पिराजीअण्णांकडे तक्रार केली. चावडीवर बैठक बसली. पाचटाच्या वतीने एक पेंढी आली होती, तिला खुर्ची दिली. पाचट आजवर जळतच आलं आहे, आणि कुजणं म्हणजे तरी दुसरं काय, शेवट तोच, असं अण्णांनी तिला समजावलं.

"कुजलो तर आमच्यात वांगं येतंय, अण्णा," पेंढी म्हणाली. "जळलो तर नुसता धूर."

हे बोलणं बैठकीला उद्धट वाटलं. पाचटाने मुकाट्याने रानात परतावं आणि शालनने त्याला आसरा देऊ नये, असा ठराव झाला. बायका बसल्या होत्या तिकडून शालन उठून उभी राहिली.

"मी धाडणार न्हाई," ती म्हणाली. "ह्यास्नी घरात यायचं असंल तर ढीग वलांडून यावं."

घरी येऊन तिने पुढच्या दाराला कडी घातली, मागच्या दाराशी रचलेल्या ढिगावर पाण्यात कालवलेल्या शेणाचा शेणकाला ओतला, गुळाचं पाणी आणि आंबट ताक शिंपडलं आणि त्याला टेकून बसली. निवास मागोमाग आला. ढीग ओलांडायचा नाही आणि तक्रार घेऊन सासुरवाडीलाही जायचं नाही, म्हणून तो परसाच्या कडेला बसून राहिला. रोज ताट तिथेच जायचं. दोघं बोलत नव्हती. थंडी वाढली तसा तो ताटासकट ढिगाकडे सरकत गेला. एकदा त्याने पाठ टेकली आणि दचकला.

"ह्याला ताप आलाय," तो म्हणाला.

"ताप न्हाई, कुजतंय. आता खालचं वर करायला पाहिजे."

निवासने ताट बाजूला ठेवलं. मग उठून त्याने दाताळं घेतलं आणि ढीग खालवर करू लागला. ढिगातून वाफ निघाली. मधलं पाचट म्हणालं, जरा हळू.

पुढे ते काळंभोर, भुसभुशीत झालं आणि बोलेनासं झालं. शालनने त्यात भुईमुगाची टरफलं मिसळली, खताची रिकामी पोती भरली आणि रोपं लावली. वांगी इतकी धरली की पोती कलली. ठराव मात्र कायम होता. अण्णा येता-जाता त्याची आठवण देत, आणि शालन त्यांच्या पिशवीत वांगी घालून पुन्हा नाही म्हणे.

मग अण्णांच्या रानातला ऊस तुटला. त्यांचं पाचट सकाळीच शालनच्या दारात येऊन उभं राहिलं, मागून अण्णा धापा टाकत आले. गावाचा ठराव आहे, पाचट माघारी द्या, असं त्यांनी निवासला बजावलं.

"ठराव असू दे," निवास म्हणाला. त्याने दार पुरतं उघडलं आणि पाचटाला आत घेतलं. "अण्णा, एवढी शेणकाल्याची बादली धरा."

अण्णांनी धरली.